पूर्वेकडे पाय

वडवणी,
रविवार, ११ मे २०२५

प्रिय माला,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. तुम्हीही तिकडे मिरजेत खुशाल असाल. एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि चहा करून घेतला, कारण ‘सगळे’ या शब्दापाशी अडलो. सगळे म्हणजे आता मी आणि अंजली. पण पत्राला कुठून तरी आत शिरावं लागतं, म्हणून ते वाक्य राहू दे.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू कपाळाला आठी घातली असशील. हल्ली पत्र कोण लिहितं? ज्याचा फोन सख्खी बहीण उचलत नाही, तो लिहितो. तुझ्या वहिनीचा मात्र उचलतेस. ती स्वयंपाकघरात तुझ्याशी बोलत असते आणि मी बाहेर पेपर तोंडापुढे धरून ऐकत असतो. भाताला पाणी किती, तुझ्या वॉर्डातल्या नव्या सिस्टर कशा, सगळं होतं. ‘दादा कसाय’ एवढं मात्र कधी ऐकू येत नाही. निवृत्तीला टेकलेल्या संस्कृतच्या मास्तरावर इतका राग बरा नव्हे. आधीच वर्गात मुलं मिळत नाहीत.

राग कशाचा, ते मला ठाऊक आहे. ईस्टरनंतरच्या शुक्रवारी पहाटे आई गेली. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, ‘मी निघते, माझ्यासाठी थांबा.’ मी ‘हो’ म्हणालो. आणि दिवस मावळता तू रिक्षातून उतरलीस तेव्हा आम्ही माती देऊन, हातपाय धुऊन बसलो होतो. तू घरात पाऊल टाकलं नाहीस. पिशवी खांद्यावर तशीच घेऊन कब्रस्तानात गेलीस, लाकडी क्रूसापाशी मातीवर हात ठेवून बसलीस, आणि तिथूनच परत फिरलीस. अंजलीनं तांब्या पुढे केला तर तोही घेतला नाहीस.

आम्ही का थांबलो नाही, ते सांगतो. ऊन तुला माहीत आहे. शीतपेटीसाठी बीडला फोन केला, ती दुसरीकडे गेली होती. बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या दुपारपर्यंत परातीतलं पाणी झाल्या. पंख्याला लाईट नव्हती. पाळकसाहेब बीडहून मोटारसायकलवर आले होते आणि त्यांना संध्याकाळी पाटोद्याकडे एका लग्नाची प्रार्थना होती. आपल्या मंडळीत आता खांदा देण्याजोगी माणसं किती उरलीत, ते तू जाणतेस. शेजारच्यांना धरून जेमतेम जमलो. ही सगळी कारणं खरी आहेत. एका कारणाला इतकी भावंडं लागली की समजावं, त्याच्यात काहीतरी कमी आहे. खरं म्हणजे मी दमलो होतो, माला. तो चेहरा आणखी पाहवत नव्हता. संपू दे, असं झालं होतं.

आता तू जे पाहिलं नाहीस, ते लिहितो.

आईची पेटी आसारामनं केली. तो दारं-खिडक्या करतो. आपल्याकडे पेट्या करणारे मामा गेल्यापासून गावात हे काम कुणाला येत नाही. आसाराम येऊन अदबीनं विचारतो, ‘सर, चौकट किती बाय किती?’ मी माप दिलं. त्यानं बिचाऱ्यानं मन लावून केली, पण पेटी खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती असते हे त्याला कोण सांगणार? झाली ती धान्याच्या कोठीसारखी, दोन्ही टोकांना सारखी. झाकणावर क्रूस ठोकायला सांगितला, तर त्यानं चारही बाजू सारख्या करून बेरजेचं चिन्ह ठोकलं. आईला माती द्यायला नेत नसून दवाखान्यात नेतोय, असं वाटावं.

मग कब्रस्तानाच्या फाटकापाशी पोचलो, तर वेड्या बाभळींनी ते पार गिळलेलं. ईस्टरच्या पहाटे आपण कडेकडेनं एकेक करून शिरलो होतो, पेटी कशी शिरणार? शेवटी पलीकडच्या मोकळ्या शेतातून वळसा घातला, आणि मागची भिंत पडली आहे ना, तिथून आत गेलो. ढेकळांतून चालताना पुढचे दोघं आणि मागचे दोघं यांचं एकमत होईना. वच्छलाबाई मागून ओरडत होत्या, ‘आरं नीट धरा, म्हातारीला हिंदकळतंय!’ भजन म्हणणाऱ्यांचा सूरही त्याच वेळी हिंदकळला.

बाकी सगळं रीतीप्रमाणे झालं.

सगळ्यांत जास्त वच्छलाबाई रडल्या. शेजारीण म्हणून जन्मभर आईशी भांडल्या आणि आता म्हणतात, ‘मनकर्णाबाई, माज्याशी भांडाया आता कोण हाय वो?’ भांडण कशावरून, आठवतं ना? खाटेवरून. अंगणातली आईची खाट, उशी मावळतीला, पाय उगवतीला. वच्छलाबाई म्हणायच्या, मावळतीकडं डोकं करून झोपू नये, काळजी लागते. मीही आईला म्हणायचो की आमच्या संस्कृतातही तसंच लिहिलंय. त्यावर आईचं उत्तर ठरलेलं: ‘काळजी कुणाला चुकलीय? आवं, कबरीत आपलं पाय उगवतीलाच आस्त्यात. परभू तिकडून येनार. उटून बसलं की तोंड नीट त्याच्याकडं पायजे. तवा कूस बदलाया येळ न्हाई मिळायचा. आत्तापासूनच सवय आसलेली बरी.’

इतकी वर्षं मरणाची तालीम करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि चेहरा असा की उद्या आठवड्याच्या बाजाराला जायचंय.

खाट तशीच आहे. अंजली म्हणते आत घेऊ. मी म्हणतो, राहू दे.

फोन उचल गं. निदान रागावण्यासाठी तरी.

तुझा दादा,
शमुवेल


वडवणी,
रविवार, २२ जून २०२५

प्रिय माला,

सलाम. तुझं पत्र नाही, फोन नाही. अंजलीकडून निरोप तेवढा मिळाला: ‘पक्का क्रूस अजून का बसवला नाही, विचार त्यांना.’ ‘त्यांना’! मी इतका आदरणीय कधीपासून झालो?

रामकिसन गवंड्याशी बोललो आहे. तो म्हणतो, पावसाळ्यात माती खचते, आत्ता बांधकाम केलं तर दिवाळीपर्यंत तडा जाईल. माती बसू द्या. हे अगदी खरं आहे आणि मला सोयीचंही आहे. का सोयीचं, ते आज लिहीत नाही.

शाळा सुरू झाली. आठवीत संस्कृतला सहा मुलं. ‘देव’ शब्द चालवायला घेतला की दरवर्षी मला आईची आठवण यायची, या वर्षी जरा जास्त आली. ती म्हणायची, ‘घरी येक देव मानतोस आन् वर्गात जाऊन येक देव, दोन देव, लई देव करतोस. पगार कशाचा घेतोस रं?’ फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिलो. मुलांना वाटलं, सर रूपं विसरले.

आई गेल्यापासून मंडळीनं रविवारचं वाचन माझ्याकडे दिलं आहे. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येतात. बाकीचे रविवार आईच चालवायची. आता म्हणतात, तुमचे उच्चार स्वच्छ आहेत. आहेतच. पुनरुत्थानाचा भाग मी इतका स्वच्छ वाचतो की म्हातारी माणसं डोळे पुसतात. नंतर माझा हात धरून म्हणतात, ‘लई आधार वाटला, सर.’ मी मान डोलावतो.

तुला म्हणून सांगतो, पाळकसाहेबांच्या कानावर घालू नकोस. मला वाचताना काही वाटत नाही. ती विझली, असं वाटतं. दिवा विझला म्हणजे ज्योत कुठे गेली, असं आपण विचारत नाही. गेली वीस वर्षं मी हेच मानत आलो आहे आणि आईला दुखवायचं नाही म्हणून चर्चला जात आलो आहे. ती सांगायची ते सगळं सुंदर आहे, पण ते बोलण्याची एक रीत आहे, असं मी स्वतःची समजूत घालायचो. आता आईच नाही, तरी जातोच आहे. बैल सुटला तरी वाट सोडत नाही, तसं काहीसं.

तू मात्र मिरजेत रोज सकाळी वॉर्डात जाण्याआधी गुडघे टेकतेस, मला ठाऊक आहे. मी त्यावरून तुला चिडवायचो, देवाला हजेरी देऊन आलीस का म्हणून. आज चिडवायची ताकद नाही. माझ्या वतीनंही एकदा हजेरी लाव.

आणखी एक. मी कब्रस्तानात जातो तेव्हा क्रूसापाशी उभा राहत नाही, दुसऱ्या टोकाला उभा राहतो. वच्छलाबाईंनी विचारलं, ‘सर, तुमी कावून तिकडं उबं ऱ्हाता?’ मी म्हणालो, तिकडे सावली असते.

तिकडे झाड नाही.

दादा


वडवणी,
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

प्रिय माला,

सलाम. दिवाळीची सुट्टी लागली. वच्छलाबाईंकडे करंज्या चालू आहेत आणि वासावरून आपलं ताट येणार असं दिसतं. आई नाही म्हणून ताट चुकणार नाही, असं त्यांनी कुंपणावरून जाहीर केलं आहे.

सप्टेंबरात इकडे काय पाऊस झाला, ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील. कापूस गेला, पूल गेले. कब्रस्तानाची आणखी एक भिंत बसली. आईची माती चांगली हातभर खाली गेली आणि लाकडी क्रूस कलला. पाऊस उघडल्यावर रामकिसन स्वतःच आला.

‘सर, माती बसली आता. सिमेंट आनू का?’

‘आण.’

‘क्रूस कुटल्या अंगाला?’

मी अंजलीला चहा टाकायला सांगितला.

‘न्हाई, म्हनलं इचारावं. बाकी समद्यांचा मावळतीला, डोक्याकडं हाय. तुमचा हा लाकडाचाबी तितंच हाय. तितंच बसवू ना?’

‘थोडं थांब, रामकिसन.’

‘लई थांबलो की सर. पाऊस थांबला, तुमचं थांबनं काई थांबना.’

तो गेला. आता माझं थांबणं संपवतो. मे महिन्यात मी तुला लिहिलं होतं, ‘बाकी सगळं रीतीप्रमाणे झालं.’ नाही झालं.

आपल्याकडे पेटी कशी नेतात, आठव. पाय पुढे. मावळतीच्या फाटकातून आत शिरायचं, सरळ उगवतीकडे चालायचं, आणि खड्ड्याशी आलं की तशीच खाली सोडायची. डोकं आपोआप मावळतीला, पाय आपोआप उगवतीला. कुणाला विचार करावा लागत नाही. बाबांना तसंच नेलं, आजीला तसंच. दिशा आपण कधी डोक्यात ठेवलीच नाही. ती फाटकात होती.

आणि त्या दिवशी फाटक बंद होतं. आम्ही वळसा घालून उगवतीच्या बाजूनं शिरलो. पाय पुढे, तोंड मावळतीला, सरळ चालत गेलो आणि तशीच खाली सोडली. पेटी फिरवायला हवी होती. निमुळती असती, तर कुणाच्यातरी लक्षात आलं असतं. झाकणावरच्या क्रूसाला खाल-वर असतं, तरी आलं असतं. पण आसारामची ती कोठी आणि ती बेरीज!

मला कसं कळलं? चर्चमध्ये झाकण ठोकताना आसारामचा एक खिळा आईच्या डोक्याशी वाकडा गेला. ‘काढू का, सर?’ म्हणाला. मी म्हटलं राहू दे. त्याच खिळ्यात माझी बाही अडकून फाटली. माती टाकायला खाली वाकलो, तेव्हा तो खिळा मला उगवतीच्या टोकाला दिसला. आधी काही कळलंच नाही. मग कळलं.

तेव्हा पेटीवर चार मुठी पडल्या असतील. ‘थांबा’ म्हणायचं होतं. दोर अजून बाजूलाच होते, माणसं होती, फिरवता आली असती. पाळकसाहेब घड्याळ पाहत होते, ऊन डोक्यात जात होतं. मी मनात म्हणालो, काय फरक पडतो? ती कुठे आहे तिथे? आणि मूठ टाकली. मग फावडी चालली. नंतर कुणीतरी सवयीनं लाकडी क्रूस मावळतीला रोवला, आणि मी तोही रोवू दिला.

म्हणजे आपली आई, जिनं जन्मभर खाटेवर तालीम केली, ती सगळ्या कब्रस्तानात एकटी उलटी निजली आहे. डोकं उगवतीला. आणि तू दिवस मावळता येऊन क्रूसापाशी बसलीस, मातीवर हात फिरवून ‘आई’ म्हणालीस ना, ते तिचं डोकं नव्हतं. तू तिच्या पायाशी बसली होतीस. मी फाटकाबाहेरून पाहत होतो आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, माला, इकडे नाही, तिकडे. पण ओरडलो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तुझ्यासाठी थांबलो असतो, तर हे झालं नसतं, असं मला रोज वाटतं. तू आईला हात लावल्याशिवाय खाली सोडू दिलं नसतंस. कुठल्या टोकाला काय आहे, हे तुझ्या हातांना कळलं असतं. तुमचं कामच ते. तू रागावली आहेस ते बरोबर आहे, फक्त तुला निम्माच राग आला आहे. उरलेला निम्मा या पत्रासोबत पाठवतोय.

गेल्या रविवारी पाळकसाहेबांना सांगितलं. तरुण आहे, पण ऐकून घेतो. म्हणाला, ‘सर, देवाला दिशा असते का हो?’

मी म्हणालो, ‘हेच मी वीस वर्षं आईला सांगत होतो.’

‘मग झालं तर.’

‘तिला कधी पटलं नाही.’

तो जरा विचार करून म्हणाला, ‘काही ठिकाणी पाळकांना मुद्दाम असंच ठेवतात. मंडळीकडे तोंड करून. उठल्याबरोबर आपली माणसं समोर दिसावीत म्हणून.’

‘आई पाळक नव्हती.’

‘असं तुम्ही म्हणता. माझा पहिला उपदेश झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, लेकरा, बोललास चांगलं, पण संपवायचं कुठं ते तुला कळना. त्यानंतर मी त्यांच्याकडे बघूनच संपवायचो. त्या पदराशी चाळा करायला लागल्या की आमेन.’

आम्ही दोघंही हसलो. आई गेल्यावर मी पहिल्यांदाच मोठ्यानं हसलो असेन. घरी आलो तर जेवण जाईना.

आता खरी गोष्ट लिहितो, जी मला पाळकसाहेबांनाही सांगता आली नाही. जो माणूस उठणारच नाही, त्याचं तोंड कुठेही असेना, काय बिघडतं? विझलेल्या ज्योतीला पूर्व काय आणि पश्चिम काय? माझ्या शिकवणीप्रमाणे या प्रश्नाला एकच उत्तर आहे: काही बिघडत नाही. मग सहा महिने मला घास का गोड लागत नाही? भाकरी मोडताना, फळ्यावर लिहिताना, एसटीची वाट पाहताना मला तेच दिसतं. ती उठून बसली आहे, पदर सारखा करते आहे, आजूबाजूला बाबा, आजी, सगळे समोर बघून हरखले आहेत. आणि ती एकटी मावळतीकडे तोंड करून बसली आहे, उजेड पाठीवर पडला आहे, आणि तिला कळत नाही की सगळे कुठे बघतायत.

ज्याला काही वाटत नाही, त्याला हे दिसायला नको होतं, माला. मी टाळत होतो ते हेच. कारण याचं उत्तर तुझ्या बाजूचं आहे, आणि आयुष्यात एकदा तुझं बरोबर निघालं की तू मला बोलू देणार नाहीस. विश्वास बसला, असं मी म्हणत नाही. इतका तालेवार शब्द मला पेलणार नाही. एवढंच म्हणतो की मी आईची काळजी करतोय, आणि गेलेल्याची काळजी कुणी करत नाही. काळजी असणाऱ्याची करतात.

मावळतीला डोकं करून झोपलं की काळजी लागते म्हणतात. डोकं उगवतीला आहे आईचं. लागली मला.

आता काय करायचं, ते तू ठरव. तीन वाटा आहेत. कबर उघडून फिरवायची. पाळकसाहेब म्हणतात तहसीलची परवानगी काढता येईल. माझं मन होत नाही. पेटी साध्या लाकडाची होती, इतका पाऊस झाला, आणि तिला आता कुणी हलवू नये असं वाटतं. दुसरी वाट, पक्का क्रूस इतरांसारखा मावळतीलाच बसवायचा, म्हणजे कुणाला कधी कळणार नाही. हे सगळ्यांत सोपं, आणि जन्मभर तिच्या पायाला डोकं म्हणायचं. तिसरी वाट, क्रूस उगवतीला, तिच्या खऱ्या डोक्याशी बसवायचा. मग येणारा-जाणारा विचारील, हा एकच उलटा कसा? आणि आपण सांगायचं, ‘आमच्या हातून चुकलं.’ मला तिसरी बरी वाटते. पण तुझ्यावाचून एकदा सगळं उरकून पाहिलं आहे. पुन्हा उरकणार नाही.

अंजलीला एक गोष्ट सांगितली तर ती कपाळाला हात लावून बसली. तुलाही सांगतो. आईच्या पायांच्या पलीकडे, मावळतीच्या अंगाला, भिंतीपर्यंत एका माणसापुरती जागा आहे. ती मी मंडळीकडे मागून ठेवली आहे. मला रीतीप्रमाणेच ठेवायचं, डोकं मावळतीला, पाय उगवतीला. नीट डोळ्यांपुढे आण, म्हणजे लक्षात येईल: माझं तोंड तिच्याकडे येतं आणि तिचं माझ्याकडे. लहानपणी मी तिच्या खाटेवर पायथ्याशी निजायचो, तसं. सकाळी डोळे उघडले की आधी ती दिसायची.

तेव्हा ती उठेल तेव्हा तिला आधी मी दिसेन. म्हणेल, ‘कावून रं शमू, आंगूळ केलीस का?’ मी म्हणेन, आई, ते नंतर. आधी मागं वळ.

एवढं सांगायला कुणीतरी समोर हवं ना.

२ नोव्हेंबरला रविवार आहे, सर्व मृतांचा दिवस. सगळे कबरींना चुना द्यायला येतील. बाबांच्या कबरीचा कुंचला आईच कुणाच्या हाती देत नसे, तो मी काढून धुऊन ठेवला आहे. फाटकातल्या बाभळी यंदा तोडून घेतल्या. तू फाटकातून आत ये, सरळ चालत पुढे जा, आणि या खेपेला क्रूसापाशी थांबू नकोस. दुसऱ्या टोकाला जाऊन बस. तिच्या डोक्याशी. मी रामकिसनला सांगितलं आहे, आमची माला आल्याशिवाय सिमेंट भिजवू नको.

ती आली नाही तर, असं त्यानं विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

तोवर अंगणातल्या आईच्या खाटेवर, उशी मावळतीला घेऊन सवय करत असलेला,

तुझा दादा,
शमू